शेवटी जेवणारीला पहिला घास?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या सगळ्या बचत गटांची एकत्र बैठक होती. विषय नेहमीचेच. कर्जाचे हप्ते, थकलेली वर्गणी, पाणीपट्टीचा अर्ज. तेवढ्यात बँकेचे एक तरुण साहेब आले. त्यांच्याकडे रंगीत पत्रकं होती आणि तोंडात गोड भाषा होती. म्हणाले, "ताई, देशात आता ई-रुपया आलाय. नोटा मोजायला नकोत, सुट्ट्यांची कटकट नको. यात महिलांनी आघाडीवर राहायचं. तुम्ही पन्नासजणींनी आज फोनवर पाकीट उघडलं, तर तुमचा गट तालुक्यात पहिला!" पहिल्या व्यवहारावर थोडे पैसे परत मिळतील, असंही त्यांनी सांगितलं.

बायका ऐकून घेत होत्या. मग मागून एक आजी म्हणाल्या, "साहेब, फोन माझा नाही, नातवाचा आहे. मग पाकीट कोणाचं?" साहेब हसले. दुसरीने विचारलं, "यात किती पैसे आहेत, ते नवऱ्याला दिसतं का?" यावर मात्र साहेब हसले नाहीत. पत्रकात त्याचं उत्तर नव्हतं.

त्या दिवसापासून हे दोन प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीत. घरात सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर, उरलंसुरलं खायला बसणारी बाई. रेशनच्या रांगेतही ती, नळावरही ती. आणि चलनाचा नवा प्रकार आला की मात्र तिला मानाने पहिल्या पंगतीला बसवतात! या मानामागे काय आहे, ते आपण नीट बघायला हवं. नाकारायचं असेल तर समजून नाकारू. स्वीकारायचं असेल तर आपल्या अटींवर.

हा रुपया आहे तरी काय?

आधी एक गैरसमज दूर करू. भाजीवालीच्या गाडीवर जो चौकोनी ठिपक्यांचा कागद असतो आणि फोनने पैसे जातात, ती यूपीआयची सोय. २०१६ पासून ती आहे. त्यात तुमच्या बँक खात्यातला पैसा दुसऱ्याच्या खात्यात जातो, म्हणजे बँक तुमच्या वहीत वजा आणि तिच्या वहीत जमा लिहिते. ई-रुपया वेगळा. ती रिझर्व्ह बँकेची नोटच आहे, फक्त कागदाऐवजी फोनमधल्या पाकिटात ठेवलेली. २०२२ च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली, रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात तशी दुरुस्ती झाली, आणि १ डिसेंबर २०२२ ला मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि भुवनेश्वर इथे सर्वसामान्यांसाठी त्याचा प्रयोग सुरू झाला. घरातल्या नोटेवर जसं व्याज मिळत नाही, तसं यावरही मिळत नाही.

यात फायदा काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला हजार रुपयांपेक्षा जास्त काढता येत नव्हते. मुंबईत बँकेच्या बंद दारांसमोर रडणाऱ्या बाया आपण पाहिल्या आहेत. बँकेतला पैसा म्हणजे बँकेने आपल्याला दिलेलं वचन. बँक बुडाली की वचनही लटकतं. ई-रुपयाची जबाबदारी मात्र थेट रिझर्व्ह बँकेवर आहे. नेटवर्क नसतानाही तो चालावा, अशी सोय आणणार असल्याचं रिझर्व्ह बँकेने २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं. डोंगरातल्या पाड्यावर राहणाऱ्या बाईला हे उपयोगाचं ठरू शकतं. म्हणजे वस्तू वाईट नाही. प्रश्न आहे तो, ती कोणाच्या गरजेपोटी आणि कोणाच्या जिवावर पसरवली जाते, हा.

आकडा फुगवायचा कसा?

रिझर्व्ह बँकेने २०२३ अखेरपर्यंत रोज दहा लाख व्यवहार व्हावेत, असं ठरवलं होतं. लोक काही आपणहून धावत आले नाहीत. मग त्या डिसेंबरात आकडा गाठला गेला, तो कसा? काही बँकांनी आपल्या कर्मचाऱ्यांच्या पगाराबरोबरचे भत्ते ई-रुपयात दिले, म्हणून. सवलती आटल्या तसा आकडाही उतरला. २०२४ च्या मध्याला तो दिवसाला लाखाच्या आसपास आल्याच्या बातम्या होत्या. पुढे थोडी वाढ झाली. मार्च २०२५ अखेर १७ बँका, ६० लाख वापरणारे आणि १,०१६ कोटी रुपये एवढा हा पसारा होता. १,०१६ कोटी ऐकायला मोठे वाटतात. पण देशात फिरणाऱ्या नोटा ३५ लाख कोटींच्या वर आहेत. त्या हिशेबाने हे म्हणजे हंडाभर पाण्यात चार थेंब.

आता वापरणारे वाढवायचे, तर कोण हाताशी आहे? ज्याचा पगार आपण देतो तो नोकर, आणि जिला अनुदान आपण देतो ती बाई. दोघांनाही 'नको' म्हणणं अवघड. ओडिशाची सुभद्रा योजना बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये ती सुरू झाली. २१ ते ६० वयाच्या बायकांना पाच वर्षांत ५० हजार रुपये, वर्षाला दोन हप्ते. त्यातल्या काही लाभार्थींना हप्ता ई-रुपयात देण्याचा प्रयोग झाला. शिवाय योजनेतच एक कलम आहे. दर ग्रामपंचायतीत किंवा शहरी क्षेत्रात सर्वांत जास्त डिजिटल व्यवहार करणाऱ्या शंभर बायकांना आणखी ५०० रुपये. म्हणजे बाईने पैसा कशावर खर्चला, तिच्या मुलीची शाळा सुटली की राहिली, याला बक्षीस नाही. फोनवर किती वेळा बोट लावलं, याला बक्षीस!

आपल्याकडे २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत दरमहा १५०० रुपये बायकांच्या खात्यात येतात. उद्या कोणी म्हणालं, हे पैसे ई-रुपयात घ्या, तर कोट्यवधी बायका एका रात्रीत 'आघाडीवर' जातील. वर्तमानपत्रात फोटो येईल. पण त्याला स्वीकार म्हणता येईल का? ताटात एकच पदार्थ वाढायचा आणि म्हणायचं, बघा, सगळ्यांनी आवडीने खाल्ला!

बाहेरच्या देशांचा धडा

हे फक्त आपल्याकडे घडतंय असं नाही. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर या छोट्या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं. सरकारी पाकीट फोनवर उतरवलं की ३० डॉलर फुकट. लोकांनी उतरवलं, ३० डॉलर खर्च केले, आणि बहुतेकांनी पुन्हा त्याकडे पाहिलं नाही. अर्थशास्त्रज्ञांनी तिथे घरोघर जाऊन पाहणी केली तेव्हा दिसलं, की वापरणारे होते ते मुख्यतः तरुण, शिकलेले पुरुष. ज्या गरीब, खातं नसलेल्या लोकांच्या नावाने हे सारं केलं, ते बाजूलाच राहिले. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या संसदेने कायदा बदलून बिटकॉइन घेण्याची सक्ती काढून टाकली.

नायजेरियाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ई-नायरा आणला. वर्षभराने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासात निघालं, की कुठल्याही एका आठवड्यात शंभरातली साधारण ९८ पाकिटं नुसती पडून असतात. मग २०२२ च्या अखेरीस तिथल्या मध्यवर्ती बँकेने जुन्या नोटा बदलायला काढल्या, नव्या पुरेशा दिल्या नाहीत. लोक बँकांपुढे रांगा लावून बसले, दंगे झाले, बाजारातल्या भाजीवाल्या बायांचा माल सडला. ई-नायराचा वापर तेवढ्या काळात वाढला खरा. पण हातातली भाकरी काढून घेतल्यावर माणूस बिस्किट खातो, त्याला बिस्किटाची आवड म्हणत नाहीत. अखेर मार्च २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जुन्या नोटा वर्षअखेरपर्यंत चालू ठेवायला सांगितलं.

आता उलटं उदाहरण. केनियात २००७ मध्ये एम-पेसा सुरू झालं. ते सरकारी चलन नव्हे, फोनवरून पैसे पाठवायची एका फोन कंपनीची सोय. पण ती वणव्यासारखी पसरली. का? शहरात राबणाऱ्या माणसाला गावी पैसे पाठवायचे होते, ही त्याची स्वतःची गरज होती. साधा बटणांचा फोन चालत होता. आणि सर्वांत महत्त्वाचं, गल्लीगल्लीत, बाजाराच्या टोकाला दुकानदार बसला होता, त्याच्याकडे फोनमधल्या पैशाच्या लगेच नोटा करून मिळत. रोख हद्दपार करून नव्हे, तर रोखीशी दोस्ती करून ते वाढलं. २०१६ मध्ये दोन संशोधकांनी हिशेब मांडला, की त्यामुळे १ लाख ८५ हजार बायका शेतीतल्या पडेल कामातून स्वतःच्या छोट्या धंद्याकडे वळू शकल्या. बक्षीस नाही, सक्ती नाही. उपयोग होता म्हणून पसरलं. धडा एवढाच.

डब्यातला पैसा

आपल्या बायकांच्या पैशाला स्वतःचं एक शास्त्र आहे. तांदळाच्या डब्यात, देवाच्या फोटोमागे, जुन्या लुगड्याच्या गाठीत, शेजारणीच्या ट्रंकेत. हा काळा पैसा नाही. हा काळजीचा पैसा आहे. पोराचा ताप, मुलीची फी, मारहाण झाली तर रातोरात माहेरची एसटी गाठायची सोय. या पैशाचा एकच गुण आहे, तो कुणाला दिसत नाही.

८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा हे सगळे डबे एका आठवड्यात उघडे पडले. आमच्या गटातली एकजण बारा वर्षं साठवलेले सोळा हजार रुपये घेऊन माझ्याकडे आली. स्वतःचं खातं नव्हतं. नवऱ्याच्या खात्यात भरल्याशिवाय इलाज नव्हता. भरले. त्या रात्री तिला विचारलं गेलं, "हे कुठून आणलेस? कोणाकडून आणलेस?" चोर ठरली ती. पैसा बुडाला नाही, पण तिचा उरला नाही. सरकारच्या हिशेबात तिचं काहीच नुकसान झालं नव्हतं.

म्हणून ती दुसरी बाई जेव्हा विचारते, "नवऱ्याला दिसतं का?" तेव्हा तो अडाणी प्रश्न नसतो. शहाणे लोक गुप्ततेची चर्चा करतात, ती सरकारला काय दिसतं आणि काय नाही याची. ती हवीच. छोट्या व्यवहारांत रोखीसारखी गुप्तता राहावी, असं रिझर्व्ह बँकही म्हणत आली आहे. पण बाईच्या गुप्ततेची सुरुवात दिल्लीत होत नाही, घराच्या उंबऱ्याच्या आत होते. फोनवर टिंग वाजलं, "दोन हजार जमा" असं उमटलं, आणि फोन नवऱ्याच्या खिशात असेल, तर जगातलं कुठलंही गणिती कुलूप तिला वाचवू शकत नाही.

फोनचंच बघू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरातल्या सुमारे ७९ बायकांनी सांगितलं, की आपण स्वतः वापरतो असं बँक खातं आहे. स्वतः वापरतो असा मोबाइल मात्र शंभरात ५४ जणींकडेच होता. त्यात साधे फोनही आले. म्हणजे खातं आहे पण फोन नाही, अशी बाई काही क्वचित भेटणारी नव्हे. तिचं पाकीट उघडायचं म्हणजे मुलाच्या, दिराच्या, नवऱ्याच्या फोनवर. आजींचा प्रश्न हाच होता.

याचा अर्थ रोख फार पवित्र, असंही नाही. आपणच तर झगडलो, की मजुरी नवऱ्याच्या हातात देऊ नका, बाईच्या नावाने द्या. रोख पैसा हिसकावता येतो, हे मारहाणीच्या कितीतरी केसेस हाताळल्यावर आपल्याला कळलेलं आहे. खातं तिच्या नावाचं झालं हे आपलं यश आहे. म्हणून माझं म्हणणं 'जुनं ते सोनं' असं नाही. डबा, खातं आणि फोन यांतलं काय, कधी आणि किती वापरायचं, ही निवड तिच्या हातात राहू दे, एवढंच आहे.

कुलूप लावलेला रुपया

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येते. ई-रुपयात एक गोष्ट शक्य आहे, जी कागदी नोटेत नव्हती. त्याला आज्ञा देता येते. हा पैसा खतावरच खर्च होईल, अमुक दुकानातच चालेल, तमुक तारखेनंतर संपेल. ही कल्पनेतली गोष्ट नाही. ओडिशा आणि आंध्रात कुळाने शेती करणाऱ्यांना असे कर्जाचे पैसे देण्याचा प्रयोग स्टेट बँकेने केला, त्यातून बी-खतासारखी सामग्रीच घेता येते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातही इंडसइंड बँकेने काही शेतकऱ्यांना कार्बन क्रेडिटच्या कामाचा मोबदला याच प्रकारे दिला.

कर्जापुरतं हे एक वेळ समजू शकतं. पण उद्या बाईच्या हक्काच्या पैशाला असं कुलूप लागलं तर?

हे मी बोलून दाखवल्यावर आमच्यातच वाद झाला, आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. दारूबंदीच्या लढ्यात आयुष्य घालवलेली आमची एक मैत्रीण म्हणाली, "लागू दे की कुलूप! माझ्या वस्तीत पंधराशे आले की चौथ्या दिवशी गुत्त्यावर जातात. गुत्त्यावर चालणारच नाही असा रुपया असेल, तर मी तो डोक्यावर घेऊन नाचेन." तिचा संताप खोटा नाही. तिने ज्या बायांचे डोळे सुजलेले पाहिले, ते मीही पाहिले आहेत.

पण मी तिला तिचीच लढाई आठवून दिली. तिच्या गावातलं दारूचं दुकान बंद कसं झालं? बायकांनी मतदान करून आडवी बाटली केली तेव्हा. बायकांनी बाटलीला कुलूप लावलं, स्वतःच्या पर्सला नव्हे! दारुड्याच्या मजुरीला कोणी कुलूप लावत नाही. त्याचा पैसा मोकळा, आणि तिच्या पैशाला बेडी, कारण तो तिच्याकडून हिसकावला जाऊ शकतो? चोरी होते म्हणून चोराला सोडून घरमालकिणीलाच कोंडायचं, यातला प्रकार झाला हा.

शिवाय बाईचा खर्च सरकारी यादीत मावतो का? या पंधराशेतून आमच्या वस्तीत काय काय झालं, ते मी एकदा विचारलं. किराण्याची उधारी फेडली. मुलीच्या पॅडचा खर्च. सासूचा चष्मा. बहिणीच्या बाळंतपणाला जायचं एसटीचं तिकीट. एकीने दोन महिन्यांचे पैसे वकिलाला दिले, पोटगीच्या दाव्यासाठी. एकीने स्वतःसाठी पहिल्यांदा चपला घेतल्या आणि सांगताना लाजली. 'पोषण', 'शिक्षण', 'आरोग्य' असे तीन रकाने पाडून कुलूप लावलं असतं, तर वकिलाची फी कुठल्या रकान्यात बसली असती? नवऱ्याचं घर सोडून जायचं तिकीट कोणी मंजूर केलं असतं?

आणि जो आज दारू अडवतो, तो उद्या दुसरं काही अडवू शकतो. किल्ली कोणाकडे, हा खरा प्रश्न. मैत्रीण थोडी गप्प राहिली, मग म्हणाली, "किल्ली बाईकडे दिली तर?" इथे मात्र आमचं एकमत झालं. मुलीच्या फीचे पैसे जूनपर्यंत मीच बांधून ठेवीन, मलाही काढता येणार नाहीत आणि घरच्यांनाही नाहीत, अशी सोय बाईला स्वतःच्या इच्छेने करता आली आणि अडचणीत तिलाच मोडता आली, तर ते खरंच नवं काही होईल. तंत्र तेच, पण मालकीण वेगळी. असा ई-रुपया घेऊन कोणी आलं, तर मीही बैठक बोलवीन.

खोटी नाणी

जाता जाता एक सावधगिरी. 'डिजिटल चलन' हा शब्द कानावर पडू लागला की त्याच्या सावलीत भामटे येतात. ई-रुपया सरकारी आहे, पण त्याच नावाने काहीही विकलं जातं. वनकॉइन नावाचं असंच एक 'चलन' २०१४ मध्ये बल्गेरियातून निघालं. त्याची प्रमुख रुजा इग्नातोव्हा ही बाई. चारशे कोटी डॉलरहून जास्त रकमेला जगभरच्या लोकांना गंडवल्याचा आरोप आहे, आणि ती २०१७ पासून बेपत्ता आहे. त्याच वर्षी आपल्या नवी मुंबईत त्याच्या प्रचारसभेवर पोलिसांनी धाड टाकून अनेकांना पकडलं. यांची भाषा ओळखीची असते. "सुरुवातीला येणाऱ्यांचाच फायदा, उशीर करू नका, पाच मैत्रिणी आणा." लक्षात ठेवा, जिथे मैत्रीण आणल्यावर पैसे मिळतात, तिथे विकली जाते ती मैत्रीणच. ई-रुपयाची किंमत वाढत नाही. शंभरचे शंभरच राहतात. कोणी दुप्पट म्हणालं, की पत्रक परत द्यायचं.

प्रचार फुकट का?

आणखी एक गोष्ट मला टोचली. बँकेचे साहेब आले, दहा मिनिटं बोलले, गेले. पन्नास बायकांना फोन हाताळायला शिकवायचं, पिन विसरली तर धावायचं, पैसे अडकले तर बोलणी खायची, हे काम मागे कोणावर राहिलं? गटाच्या अध्यक्षेवर, बँक सखीवर. शहरात सवलतींवर आणि जाहिरातींवर पैसा खर्च होतो, आणि वस्तीत तेच काम 'समाजकार्य' म्हणून बाईच्या गळ्यात. घरातलं काम फुकट, चलनाचा प्रसारही फुकट. साहेबांचं उद्दिष्ट पुरं होणार, आमच्या सखीचा दिवसाचा रोज बुडणार.

बायका नव्या गोष्टींना घाबरतात, असं कोणी म्हणू नये. १९७४ मध्ये अहमदाबादला 'सेवा'च्या चार हजार कष्टकरी बायकांनी दहा-दहा रुपये काढून स्वतःची बँक उभी केली. १९७५ मध्ये गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि सावकाराऐवजी बँकेचं दार ठोठावायला शिकवलं. म्हसवडला माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज, सभासद बायका निरक्षर आहेत म्हणून फेटाळला गेला. चेतना सिन्हा सांगतात, की बायका लिहायला शिकून पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याजाचं गणित घाला, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांनी यंत्राशिवाय करून दाखवावं! १९९७ मध्ये बँक उभी राहिली. या तिन्ही ठिकाणी बायका पहिल्या होत्या. पण त्यांना कोणी पहिलं 'केलं' नव्हतं. गरज त्यांची होती, अटी त्यांच्या होत्या, म्हणून पाऊलही त्यांचं होतं.

आपल्या अटी

तेव्हा ई-रुपयाला सरसकट विरोध करू नये, आणि हारतुरे घेऊन स्वागतालाही जाऊ नये. सगळ्या गटांनी मिळून पुढच्या गोष्टी लेखी मागाव्यात, असं मला वाटतं.

एक, कुठल्याही योजनेचा पैसा ई-रुपयातच घेण्याची सक्ती नको. नोटा आणि खातं हे दोन्ही मार्ग उघडे हवेत, आणि कधीही मागे फिरता आलं पाहिजे.

दोन, हक्काच्या पैशाला बाईच्या लेखी संमतीशिवाय कुलूप नको. तिला हवं तर तिनेच लावावं, तिनेच काढावं.

तीन, गुप्तता कायद्यात स्पष्ट शब्दांत हवी. आणि घरातली गुप्तताही. फोनवर आपोआप रक्कम झळकू नये, फोन दुसऱ्याचा असला तरी पाकीट तिच्याच पिनने उघडावं.

चार, साध्या फोनवर किंवा फोनशिवाय, कार्डावर चालेल अशी सोय आधी करा, प्रचार मग. आणि वस्तीतच ई-रुपयाच्या नोटा करून मिळाल्या पाहिजेत.

पाच, शिकवणाऱ्या सखीला कामाचा मोबदला. पैसे अडकले, फोन हरवला, तर तक्रार कुठे आणि किती दिवसांत सुटणार, हे मराठीत, बँकेच्या भिंतीवर लिहिलेलं हवं.

आमच्या बैठकीत शेवटी असं ठरलं. स्वतःचा फोन असलेल्या पाचजणी, मनात असेल तर, स्वतःच्या थोड्या पैशांनी सहा महिने वापरून बघतील आणि दर महिन्याला गटाला सांगतील. बाकीच्यांनी घाई करायची नाही. आणि हे प्रश्न बँकेला पत्राने पाठवायचे. पत्रावर पहिला अंगठा त्या आजींनी उठवला. तालुक्यात आमचा गट पहिला आला नाही. साहेब थोडे नाराज झाले.

तुमच्या गावात, वस्तीत असं कोणी आलं असेल, तर काय झालं, कोणी काय विचारलं, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात ते छापू. पत्रकावरचे आकडे त्यांच्याकडे असतात. बायकांनी विचारलेले प्रश्न आपल्याकडे असायला हवेत.